पियानोखालचा वाकडा मासा

कूलाबिन, ३ सप्टेंबर

प्रिय क्लाइव,

फोन करत नाही, कारण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू स्वतःच बोलत असतोस. मर्वच्या अंत्यविधीला तू आलास हे खरं, पण सबंध वेळ हात कोटाच्या खिशात कोंबून उभा होतास आणि दुसऱ्या दिवशी बोट पकडून टास्मानियाला पळालास. सख्ख्या भावाला माती देताना तरी माणूस हात बाहेर काढतो. असो. तेव्हा रागावले होते, आता नाही. थोडा आहे राग.

कॉड माशाच्या शिकारीचा मोसम परवा बंद झाला. आता तीन महिने नदी माशांची. नर अंडी राखत बसणार आणि इथले बाप्ये गॅरेजात बसून रिळांना तेल घालत एकमेकांना थापा मारणार. दरवर्षी या दिवसांत आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर मर्वच्या लाकडी माशांचा भुसा असायचा. मी करवादायची. या वर्षी टेबल लख्ख आहे आणि माझ्याच्यानं त्याच्याकडे बघवत नाही.

काल नेव्ह ट्रास्क आला होता. आपला शेजारचा नेव्ह, लांब मानेचा. न सांगता पन्हळीतला पाला काढून दिला, चहा प्यायला, अर्धा फ्रूटकेक संपवला आणि टोपी गुडघ्यावर फिरवत म्हणाला, "ग्लेनिस, पियानोचं काय करायचं ठरवलंयस?"

तुला इथून जाऊन जमाना झाला, म्हणून आठवण करून देते. एक डिसेंबरला उजाडताना ज्या घरातलं माणूस नदीत पडलेल्या आपल्या खोडाखाली गळ लावलेला लाकडी मासा टाकतं, त्या घराचं ते खोड वर्षभर. नाव नेऊन नुसतं बसलं तर धरत नाहीत. किडा किंवा झिंगा लावून गळ सोडला तरी नाही. लाकडीच मासा हवा आणि तो घरच्याच माणसानं टाकायला हवा. कोणी आलं नाही, तर खोड मोकळं. पियानो तुमच्या आजोबांपासून तुमच्या घरात आहे. पुरात नदीत आडवं पडलेलं ते रेड गमचं झाड, पांढऱ्या फांद्या पियानोच्या पट्ट्यांसारख्या पाण्याबाहेर आलेल्या, म्हणून ते नाव. मर्वनं उभा जन्म त्याच्याखाली घालवला. मूलबाळ आम्हांला झालं नाही. आता त्या घरातलं माणूस म्हणजे मी.

नेव्हला म्हटलं, "मी येतेय." तो इतका चकित झाला की केक खायचा थांबला.

आता अडचण अशी, की मला काठी नीट धरताही येत नाही. इतकी वर्षं मी फक्त सँडविचं बांधली. तू शिकव. आणि डिसेंबरला इकडे ये.

तुझी,
ग्लेनिस


अल्व्हरस्टन, १५ सप्टेंबर

प्रिय ग्लेनिस,

पत्र वाचून मोठ्यानं हसलो. जेन धावत आली, तिला वाटलं बापाला काही झालं. तू आणि कॉड! पंचवीस किलोचं धूड दोऱ्याला लागलं तर नावेतून पाण्यात तू जाशील, तो नाही.

पण पियानो नेव्ह ट्रास्कच्या घशात जाणार असेल, तर नको. त्याच्या बापानंही एकदा डोळा ठेवला होता.

मला यायला जमणार नाही. इथं ट्राउट माशांचा मोसम ऐन भरात असतो तेव्हा, मी रोज नदीवर असतो. पत्रानं शिकवतो. लिहून घे.

अंगणात जुना टायर टाक. दहा-बारा पावलांवर उभी राहा. दोऱ्याच्या टोकाला लाकडी मासा नको, बोल्टाचा लोखंडी नट बांध. मनगटानं फेकायचं, खांद्यानं नाही. तू ओट्यावर पीठ मळतेस तशी सगळं अंग घालून जोर लावशील, तर ते अजिबात चालणार नाही. अंगठा रिळावर ठेव आणि नट टायरवर पोचायच्या आत दाब. नाही दाबलास, तर रिळावर दोऱ्याचं असं घरटं होईल, की मॅगपाय पक्षी त्यात अंडी घालतील.

टायर जमला की बादली. बादली जमली की चहाचा मग. पियानोच्या तिसऱ्या आणि चौथ्या पट्टीमध्ये मगाएवढीच जागा आहे.

क्लाइव


कूलाबिन, ३० सप्टेंबर

प्रिय क्लाइव,

मगाचं राहू दे. पहिल्या दिवशी नट मागं गेला आणि दोरीवर वाळत घातलेल्या चादरीत अडकला. दुसऱ्या दिवशी नेव्हच्या कोंबड्यांत. मॅगपायची तू चेष्टा केलीस, पण एक खरोखरच रोज माझ्या डोक्यावर झडप घालतो, म्हणून मी आइसक्रीमचा रिकामा डबा डोक्याला बांधून सराव करते. रस्त्यानं जाणारे मुद्दाम गाडी हळू करतात. करोत. परवा टायर साधला, आज बादली. मी अंगणात एकटीच नाचले.

कधीकधी फेकता फेकता रडूही येतं. मर्वला हे एकदा तरी दाखवायला हवं होतं, असं वाटतं. त्यानं कधी विचारलं नाही आणि मीही कधी म्हटलं नाही, की मला ने.

आता कामाचं. मर्वची माशांची पेटी उघडली. काय देखणे केलेत रे! एकेकाचे डोळे सुद्धा वेगळे. गळ काढून घेतले आणि गुरांच्या पाण्याच्या हौदात एकेक ओढून पाहिला. सगळे वाकडे पोहतात! सरळ माझ्याकडे यायचं सोडून डावीकडे कलतात, थेट हौदाच्या भिंतीला नाक घासतात. शेवटी शेवटी त्याची नजर गेली होती की काय? हे दुरुस्त होतं का?

आणि एक, तू कागद वाचवतोयस का? तुझं अक्षर मुंगीएवढं झालंय आणि ओळीच्या शेवटी तर आणखी बारीक. भिंग घेऊन वाचलं. टास्मानियात कागद महाग झाला असेल तर इथून पाठवते.

ग्लेनिस


अल्व्हरस्टन, १२ ऑक्टोबर

प्रिय ग्लेनिस,

या वेळी जेनच्या मशीनवर छापून पाठवतोय. भिंगाची गरज नाही.

वाकडा पोहणारा मासा काही कामाचा नाही. दोष कडीत असतो, नाकावरच्या त्या बारीक तारेच्या कडीत, जिला दोरा बांधतात. मासा तोंडासमोर धर. तो जिकडे पळतो त्याच्या उलट बाजूला कडी पकडीनं केसभर वळव. केसभर म्हणजे केसभर. पुन्हा हौदात ओढून बघ. सरळ आला की थांब. आमच्या वडिलांचं एकच म्हणणं असायचं, मासा नाकासमोर पोहायला हवा.

सगळे नीट करून घे. मर्वचा हात उतारवयात बिघडला होता, हे मला आधीच माहीत होतं.

डिसेंबरचं पुन्हा विचारू नकोस. जमणार नाही.

क्लाइव


कूलाबिन, २८ ऑक्टोबर

प्रिय क्लाइव,

छापील पत्र मिळालं. वीजबिलाबरोबर आलं, मी आधी दोन्ही एकाच टाचणीला लावली. सही तेवढी हातची होती, तीही अर्धी.

कळलं हो. भाऊ गेला, संबंध संपला. आता वहिनीला ऑफिसातून कळवल्यासारखं कळवायचं. ट्राउट महत्त्वाचे. तुझ्या जिवावर मी काही सुरू केलेलं नाही. तू शिकवलंस त्याचे उपकार आहेत, पण इतकं तुटक लिहायला मी काय केलं?

मासे सगळे सरळ केले. तीन दिवस हौदापाशी बसून, चष्म्यावर चष्मा लावून. आता शिपायांसारखे नाकासमोर येतात. मगही साधला, सांगायचं नव्हतं पण सांगते. कान तुटला त्याचा.

पुढच्या आठवड्यात गळ काढून नावेतून पियानोपाशी जाऊन बघणार आहे. नेव्ह नाव पाण्यात लोटून देतो म्हणाला. त्याला खोड हवंय आणि तोच मला मदत करतोय. आणि घरचे पत्र छापून पाठवतात.

ग्लेनिस


कूलाबिन, ९ नोव्हेंबर

क्लाइव,

घात झाला.

काल पियानोपाशी गेले. मर्व बांधायचा त्याच विलोच्या झाडाला नाव बांधली. फेक अशी पडली, की नेव्हनं दुसऱ्या नावेतून शीळ घातली. पण ओढायला लागले, तर मासा खोडापासून हातभर लांबून सरळ निघून आला. पुन्हा फेकला, पुन्हा तेच. प्रत्येक मासा तसाच. खोडाच्या पोटाखाली एकही शिरेना. आणि कॉड तर तिथंच बसतो, अंधारात. हातभर बाहेर यायचे कष्ट तो घेणार नाही.

नेव्ह नाव जवळ घेऊन आला. एक मासा हातात घेतला, कडीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "हे कुणी केलं?"

म्हटलं, "मी. सरळ केले."

"अगं बाई," तो म्हणाला, "मर्वचे मासे वाकडे पोहायचे, हीच तर त्यांची करामत होती. मागच्या मोठ्या पुरात खोड जागेवरून फिरलं ना. तेव्हापासून विलोपाशी बांधलेल्या नावेतून सरळ मासा खोडाखाली जातच नाही. मर्वनं कड्या बरोब्बर तेवढ्या वाकवल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी करून पाहिलं, कुणाला साधलं नाही."

तुला काय वाटेल ते वाटो, मी तिथंच नावेत रडले. नेव्हसमोर. तो बिचारा दुसरीकडे बघत राहिला.

सगळे सरळ केले रे मी. एकही ठेवला नाही. त्याच्या हातचं तेवढंच उरलं होतं आणि मी ते पकडीनं पुसून टाकलं, तुझ्या सांगण्यावरून. पुन्हा वाकवायला बसले, तर कधी भिंतीला घासतात, कधी गोल फिरतात. किती वाकवायचं ते कुणालाच माहीत नाही. सरळ मासा खोडाशेजारून ओढला तर नियमानं खोड राहीलही कदाचित, पण ते नाटक होईल, आणि मर्वच्या खोडापाशी मी नाटक करणार नाही. मासा खोडाखाली गेला नाही, तर मी स्वतः नेव्हला सांगेन, घे तुला.

तू ये. तुझा हात मर्वच्याच हातासारखा आहे, एकाच बापानं शिकवलेला. पकड घेऊन ये आणि हे नीट कर. ट्राउट गेले खड्ड्यात.

ग्लेनिस


अल्व्हरस्टन, १६ नोव्हेंबर

प्रिय ग्लेनिस,

हे जेन छापतेय, मी सांगतोय. आणि ती मान खाली घालून छापतेय, कारण हे तुला सांग म्हणून ती कधीची माझ्या मागे लागली होती.

मी दोन वर्षं नदीवर गेलेलो नाही. ट्राउट वगैरे सगळं खोटं. माझे हात थरथरतात. आधी उजवा, आता दोन्ही. डॉक्टरांनी नाव सांगितलंय, ते इथं लिहून कागद कशाला खराब करू. अक्षर बारीक झालं ते त्यामुळंच. कागद इथं स्वस्त आहे. अंत्यविधीला हात खिशात होते, कारण बाहेर काढले असते तर सगळं कूलाबिन मर्वला सोडून माझ्याकडे बघत बसलं असतं. मला ते नको होतं. त्याचा दिवस होता.

तेव्हा पकड घेऊन मी आलो तरी काय करणार? तुझ्या कडीऐवजी तुझं बोट वाकवीन. आणि ज्या नदीवर मी मर्वलाही मागं टाकायचो, तिथं नेव्ह ट्रास्कनं मला चहाचा पेला दोन हातांनी धरताना बघायचं, हे मला सहन होणार नाही. रागव हवं तर.

पण तुझं पत्र जेननं वाचून दाखवलं आणि मी उठून स्वयंपाकघरात गेलो. तिथं खिडकीशी खिळ्याला एक मासा टांगलाय. पिवळा, पाठीवर काळे पट्टे. त्या पुरानंतरच्या नाताळला मर्वनं पाठवला होता. चिठ्ठी नाही, काही नाही, तुला त्याचं लिहिणं माहीतच आहे. मी तो इथल्या नदीत ओढून पाहिला, तर हा वाकडा. मी फोन केला आणि म्हटलं, म्हातारा झालास की रे, हात बिघडला तुझा. तो नुसता हसला. म्हणाला, "नदीवर ये, मग बघ." मला वाटलं विषय बदलतोय. मी काही आलो नाही. मासा शोभेला लावून टाकला.

ग्लेनिस, तो बिघडलेला नव्हता. तो पियानोसाठी होता. तिथली माझी जागा त्यानं पाठवली होती आणि मी ती खिळ्याला टांगली.

कडीला कुणी हात लावलेला नाही. कापसात गुंडाळून आजच्या टपालानं पाठवतोय. शेजारी ठेवून बाकीचे त्याच्यासारखे वाकव, हौदात दोन्ही बरोबर ओढून बघ.

एकच गोष्ट उरली. मासा खोडाखाली शिरला, की ओढू नकोस. थांब. तो हळूहळू वर येऊन खोडाच्या पोटाला टेकतो. मग काठीचं टोक नुसतं थरथरव, बारीक, जागच्या जागी. मासा हलायला नको, थरथरायला हवा. ते शिकायला मला आणि मर्वला कित्येक मोसम लागले. तुला नाही जमलं तरी वाईट वाटून घेऊ नकोस.

क्लाइव


कूलाबिन, २ डिसेंबर

माझ्या वेड्या दिरा,

तुझा मासा वेळेवर पोचला. उत्तर मुद्दाम लिहिलं नाही. म्हटलं लिहायचं तर नदीवर जाऊन आल्यावरच लिहू, नाहीतर मी तुला नुसत्या शिव्या दिल्या असत्या. दोन वर्षं! आणि मी तुला कागद पाठवायला निघाले होते. ते पत्र लिहिलं म्हणून मीच मला थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं.

आता ऐक. काल उजाडायच्या आत नेव्हनं माझी पत्र्याची नाव लोटून दिली. मग आपल्या नावेत बसून समोरच्या काठाला थांबला, टोपी काढून मांडीवर ठेवून. मी चुकले तर खोड त्याचं, हे त्यालाही माहीत, मलाही. पण तो असा बसला होता, की मीच चुकू नये म्हणून देवाला काहीतरी सांगत असावा.

विलोला नाव बांधली. काकाकुवांचा कलकलाट सुरू झाला. झाडांचे शेंडे दिसायला लागले. बाकीचे मासे तुझ्या माशाशेजारी ठेवून वाकवले होते, पण मी तुझाच लावला.

पहिली फेक चौथ्या पट्टीवर आपटली. खट्ट. सगळ्या नदीला ऐकू गेलं. देवाच्या कृपेनं अडकला नाही. दुसरी मात्र अंगणातल्या मगात पडावी तशी पडली, तिसरीच्या आणि चौथीच्या मधोमध. ओढलं. आणि क्लाइव, तो वळला! घरी निघाल्यासारखा वळला आणि खोडाखाली शिरला. मी आत मर्वलाच पाहिलं म्हण ना. तेवढ्यानंच डोळे भरून आले.

तू म्हणालास थांब. थांबले. तू म्हणालास थरथरव. आता गंमत ऐक. मला काही थरथरवावं लागलंच नाही. माझे हात आपोआप थरथरत होते! भीतीनं, रडण्यानं, म्हातारपणानं, कशानं कोण जाणे. मनगटापासून नुसते कापत होते, थांबवायला गेले तर जास्तच. काठीचं टोक लटलटत होतं. मनात म्हटलं, मेलं, सगळं वाया गेलं.

आणि खोडाखालचं पाणी फुटलं.

दार आपटल्यासारखा आवाज आला रे. नाव तिरकी झाली. मी पाण्यात गेले नाही, हे नीट लिहून ठेव. किती वेळ चाललं, सांगता येणार नाही. नेव्ह उभा राहून ओरडत होता, "खोडापासून दूर ठेव! काठी खाली! अगं खाली!" आणि मी त्याला, "तोंड बंद ठेव, नेव्हिल!" शेवटी कॉड नावेच्या बाजूला आला, हिरवागार, ठिपक्यांचा, तोंड असं की माझा फ्रूटकेकचा साचा आत जावा. नेव्हनं नाव जवळ आणून जाळं घातलं. मापायच्या फळीवर मावला नाही. एवढा मोठा नियमानं सोडूनच द्यावा लागतो, म्हणजे घरी न्यायचा प्रश्नच नव्हता. मी गळ काढला आणि त्याला पाण्यात धरून बसले, त्याचा दम परत येईपर्यंत. माझे हात अजून कापत होते. त्याच्या अंगालाही ते लागलं असेल. मग शेपटीचा एक फटका मारून तो थेट पियानोखाली गेला.

नेव्हनं टोपी डोक्यावर चढवली. म्हणाला, "पियानो तुमचाच." थोड्या वेळानं म्हणाला, "ती थरथर मर्वपेक्षाही सरस होती. कशी केलीस?"

मी सांगितलं, आमच्या घरात अजून एक जण आहे, त्याच्या हातात ती चोवीस तास असते.

आता तू चिडणार. चीड. ती शिकायला तुम्ही मोसमच्या मोसम घालवलेत, म्हणून तूच लिहिलंयस. तुझ्या दुखण्याची चेष्टा करत नाही रे, राजा. ते वाईटच आहे आणि तुला एकट्यानं सोसावं लागलं, याचं मला फार लागलंय. पण हात थरथरतात म्हणून नदीवर येणार नाही, हे मला पुन्हा सांगायचं नाही. फेकायचं काम माझं. फेकून झालं, की काठी तुझ्या हातात. चहाचा पेला दोन्ही हातांनी धर, नाहीतर मी धरते. नेव्हला तुझं कळलंय, मीच सांगितलं. तो म्हणाला त्याला कवळी आहे, नावेत बोलताना ती पडते, तुला सांग म्हणून.

मोसम ऑगस्टपर्यंत आहे. नावेत मर्वची जागा रिकामी आहे.

तुझी,
ग्लेनिस


अल्व्हरस्टन, १३ डिसेंबर

प्रिय ग्लेनिस,

हे हातानं लिहितोय. सकाळी बसलो होतो, आता जेन जेवायला बोलावतेय. भिंग काढ.

बोटीचं तिकीट काढलं. नाताळला येतो.

तो पिवळा परत पाठवू नकोस. तिथंच राहू दे.

क्लाइव